दर माणशी नवं ब्लेड

आमच्या पोस्ट ऑफिससमोर दोन खुर्च्यांचं एक सलून होतं. दोघे भाऊ ते चालवायचे. थोरला बोलका. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत त्याने त्याच्या घरची निम्मी खबर काढलेली असायची. धाकटा मात्र बोलायचाच नाही. ‘बारीक?’, ‘मध्यम?’, ‘मिशी?’ एवढ्या तीन शब्दांवर त्याचा दिवस निघायचा. म्हणून लोकांनी त्याचं नाव मौनी ठेवलं, आणि ते इतकं रुळलं की पुढे त्याची बायकोही चारचौघांत ‘आमचे मौनी’ म्हणू लागली. न्हावी आणि तोही गप्प, हे ऐकून नवा माणूस हसायचा. पण केस कापून घेताना ज्यांना कान शाबूत ठेवायचे असत, ते त्याच्या खुर्चीसाठी ताटकळत बसायचे. मी त्यांतलाच. तिकिटांच्या खिडकीवर दिवसभर लोकांचं ऐकून डोकं उठलेलं असायचं. मौनीच्या खुर्चीत वीस मिनिटं शांतता मिळायची.

पुढे जे सांगतो आहे त्यातलं काही त्याने सांगितलेलं, काही त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलेलं, आणि काही मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यात माझं स्वतःचं वागणंही आलं. ते फारसं भूषणावह नाही, पण गाळलं तर गोष्ट अर्धी राहील.

मौनी तेव्हा चौतीस वर्षांचा होता. लग्नाला आठ वर्षं झालेली, सहा वर्षांची एक मुलगी. बायको घरीच शाळेचे गणवेश शिवायची. त्या वर्षी त्याला महिनाभर बारीक ताप येत राहिला. वजन उतरलं, पँट पट्ट्याने चुण्या पाडून बांधावी लागायची. थोरला म्हणायचा, उभ्याचा धंदा आहे, माणूस वाळणारच. मग बरगडीवर नागीण उठली. तिची आग एवढी की सदरा अंगाला लागू देईना. डॉक्टरांनी नागीण पाहिली, तापाचं विचारलं, तोंड उघडायला लावून जिभेवरचा पांढरा थर पाहिला आणि एक चिठ्ठी लिहून दिली. सरकारी दवाखान्यात, मागच्या बाजूला, सात नंबरची खोली.

सात नंबरच्या खोलीत एक समुपदेशक बाई बसत. टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग आणि आतून कडी लागणारं दार. रक्त दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी मौनीला बोलावलं, कडी लावली आणि कुठलीही प्रस्तावना न करता सांगितलं की त्याच्या रक्तात एचआयव्ही आहे. मग थांबल्या. त्यांच्या अनुभवाप्रमाणे इथे माणसं रडत, भांडत, नाहीतर रिपोर्ट दुसऱ्याचा आहे म्हणत. मौनी आपल्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, “मी दाढ्या करतो.”

बाईंना आधी कळलं नाही. तो पुन्हा म्हणाला, “रोज वीस-पंचवीस. कुणाला कधी लागतं. किती जणांना दिलं असेल मी?”

त्याला मरणाची नाही, याची भीती वाटत होती. बाईंनी त्याला एकेक पायरी विचारत नेलं. ब्लेड कुणाच्या गालावर लागतं? गिऱ्हाइकाच्या. मग रक्त कुणाचं येतं? गिऱ्हाइकाचं. तुमचं रक्त त्याच्या जखमेत जायला हवं, तरच तुमचा आजार त्याला. तसं कधी झालंय? मौनीने आठवून पाहिलं. स्वतःचं बोट कापलं की तो काम थांबवून पट्टी बांधायचा, कारण त्यांच्या वडिलांची तशी शिस्त होती. आणि ब्लेड? ते तो मधोमध मोडायचा, अर्धं वस्तऱ्यात सरकवायचा आणि दाढी झाली की टाकून द्यायचा. दर माणशी नवं. “मग तुमच्या खुर्चीतून कुणालाही काही गेलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी बाकीचं सांगितलं. हा विषाणू रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, आणि आईकडून बाळाला जातो, पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून. हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, एकाच नळाचं पाणी प्यायल्याने, डास चावल्याने जात नाही. एचआयव्ही म्हणजे लगेच एड्स नव्हे. आजाराशी झगडणाऱ्या रक्तातल्या पेशी हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप संपवत राहतो, आणि त्या फार कमी झाल्या की साधे आजारही माणसाला आडवं करतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. निरोगी माणसात पाचशेच्या वर असतात त्या पेशी मौनीच्या एकशे चाळीस भरल्या. बाईंनी लपवलं नाही. तुम्ही अगदी काठावर आलेले आहात, म्हणाल्या, पण गोळ्या सुरू केल्या तर मागे सरकाल. फक्त गोळ्या रोज, ठरल्या वेळी, जन्मभर. आणि बायकोला घेऊन या.

बायकोला सांगणं त्याला जमेना. चार दिवस गेले. त्या चार दिवसांत त्याने आपला पेला वेगळा केला, टॉवेल वेगळा केला, बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलं. मुलगी मांडीवर येऊ लागली की काहीतरी निमित्त काढून उठायचा. बाईंनी सांगितलेलं सगळं त्याच्या डोक्यात होतं, पण पोर जवळ आली की ते कुठे जायचं कुणास ठाऊक.

बायकोने चौथ्या दिवशी मशीन थांबवलं. मुलगी शाळेत होती. ती म्हणाली, “दुसरी कुणी असेल तर सांगून टाका. पोरीला का तोडताय?”

तेव्हा त्याने सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की लग्नाआधीचं की नंतरचं. आधीचं, तो म्हणाला. दुसऱ्या शहरात दोन वर्षं नोकरी केली तेव्हाचं. सहा जण एका खोलीत राहायचे, सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून जायचे, तोही गेला. किती वेळा, तिने विचारलं. मोजलं नाही, तो म्हणाला. तिने समोरचा गणवेश उचलला, काजं करायला घेतली आणि तीन शर्टांची काजं होईपर्यंत मान वर केली नाही. मग दोन दिवस ती त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. माझ्या बायकोला पुढे ती म्हणाली होती, त्या दोन दिवसांत त्यांनी केलं त्याचा राग आला होता, पण आठ वर्षांत मला ते कधी सांगितलं नाही याचा जास्त आला होता. माझ्या बायकोने विचारलं, मग राहिलीस कशी? ती म्हणाली, जायचं ठरवलंच होतं. पण आधी तपासणी करून मग जाऊ म्हटलं.

तिचं रक्त निगेटिव्ह आलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तरी निगेटिव्ह. मौनीचा विश्वास बसेना. आठ वर्षं संसार केला, मग हे कसं? बाई म्हणाल्या, दर वेळी लागतोच असं नाही, तुमचं नशीब बलवत्तर. पण यापुढे ते नशीब तपासत बसू नका, आणि निरोधचं पाकीट टेबलावर ठेवलं. पाकीट बायकोने उचललं आणि पिशवीत टाकलं.

मग तो म्हणाला, मुलीचंही रक्त तपासा. बाईंनी नकार दिला. आईला आजारच नाही, तर मुलीला आला कुठून? बायकोने वेगळ्या पेल्याचं सांगितलं. “पेल्यातून?” बाईंनी विचारलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने पेला पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत ठेवला. बायको जाणार होती ती गेली नाही. कधी ठरवलं, ते तिलाही सांगता येत नाही.

गोळ्यांनी सुरुवातीला त्याचा पिच्छा पुरवला. मळमळ, चक्कर, रात्री भलभलती स्वप्नं. पण दोन महिन्यांत ताप गेला, सहा महिन्यांत पँटच्या चुण्या गेल्या. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तो गोळ्या आणायला दवाखान्याच्या मागच्या बाजूला रांगेत उभा राहायचा. तिथेच त्याला कुणीतरी पाहिलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण आठवड्याभरात सबंध रस्त्याला माहीत झालं होतं.

लोकांनी काही केलं नाही. दगड मारले नाहीत, वाईट बोललेही नाहीत. फक्त यायचे थांबले. जे आले ते थोरल्याच्या खुर्चीसाठी थांबून राहिले, आणि मौनी रिकाम्या खुर्चीमागे हातात फणी घेऊन उभा. मग थोरल्याकडेही कमी झाले. एकच दुकान, एकच पाणी, एकच साबण, अशी कुजबुज. थोरल्याला वस्तऱ्याचं सगळं माहीत होतं, तो त्याच वडिलांच्या हाताखाली शिकलेला. तरी एका सकाळी दुकान उघडायच्या आधी तो म्हणाला, “मला तुझी भीती नाही रे. पण लोकांना समजावत बसलो तर दुकान राहणार नाही. काही दिवस घरी बस.” काही दिवस म्हणजे किती, हे मौनीने विचारलं नाही. आपली कात्री, दोन फण्या आणि वस्तरा फडक्यात गुंडाळून तो घरी गेला.

आता माझं. मी त्या दुकानात जायचं बंद केलं ते बातमी कळली त्याच दिवशी. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, माझं मीच. पोस्टात आरोग्य खात्याची माहितीपत्रकं यायची, ती मी स्वतः वाचली होती. एचआयव्ही कशाने होतो आणि कशाने होत नाही, हे मला तोंडपाठ होतं. तरी मी दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या सलूनमध्ये जाऊ लागलो, आणि समोरून मौनी दिसला की हातातल्या कागदांत मान खुपसायचो.

मौनी दोन महिने घरी होता. बायकोने शिवलेल्या शर्टांना बटणं लावायचा. मग दवाखान्यातल्या बाईंनी त्याला बोलावून एक काम विचारलं. वॉर्डात एचआयव्हीचे सात-आठ रुग्ण होते, त्यांचे केस-दाढ्या चार-चार महिने झाल्या नव्हत्या. दवाखान्याचा न्हावी दारापर्यंत यायचा आणि काही ना काही सांगून परत जायचा. तुम्ही कराल का?

तो गेला. तिथे पहिल्या खाटेवर एक बस कंडक्टर होता, जेमतेम तिशीचा. टीबी झालेला, तोंडात फोड, डोळे खोल गेलेले, मनगट दोन बोटांत मावेल एवढं. उशीला टेकवून बसवला तरी मान धरवेना, म्हणून मौनीने त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवून केस कापले. कंडक्टर चेष्टेखोर होता. मागचं पुढचं सगळं झाल्यावर त्याने आरसा मागितला. मौनीच्या पिशवीत हातातला आरसा होता, पण द्यावा की नाही, तो घुटमळला. मग दिला. कंडक्टरने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “या माणसाला मी माझ्या गाडीत चढू दिलं नसतं.”

मग त्याने स्वतःहून सांगितलं की त्याला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. गोळ्या घ्यायला या, असं बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. पण रांग दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागते आणि त्या भिंतीपलीकडे बस स्टँड आहे. ओळखीचा ड्रायव्हर बघेल म्हणून तो आला नाही. तीन वर्षं आला नाही, आणि आता आला तो उचलून आणलेला. बारा दिवसांनी तो गेला. मौनी त्या बारा दिवसांत तीनदा त्याची दाढी करून आला होता.

यानंतर मौनी बदलला, असं त्याची बायको सांगते. दवाखान्याच्या रांगेत उभा असताना पुढचा-मागचा माणूस मान खाली घालून असला की मौनी आपणहून विचारायचा, कितवा महिना? मळमळ होते का? गोळी जेवून घ्या, म्हणजे कमी होईल. ज्याने आयुष्यभर तीन शब्दांत काम भागवलं, तो आता रांगेत ओळखी काढायला लागला.

त्याच सुमारास माझे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. महिन्याभरात दाढी वाढून मानेवर खाजायला लागली. मी जायचो त्या सलूनवाल्याला घरी बोलावलं तर तो म्हणाला, दुकान सोडून येत नाही. थोरल्याला मी कोणत्या तोंडाने बोलावणार? शेवटी बायको म्हणाली, मौनीला बोलव. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, “पत्रकं तूच वाचून दाखवली होतीस ना मला?” आणि तीच जाऊन त्याला घेऊन आली.

मौनी आला. वडिलांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, कोमट पाणी मागितलं, फेस केला. मी दाराला टेकून उभा होतो आणि माझी नजर त्याच्या हातांवरून हलत नव्हती. वडिलांचा अर्धा चेहरा लुळा, कातडी सैल, तिथे ब्लेड लागायचं भय सगळ्यांनाच असतं, पण मी दुसऱ्याच कारणासाठी पाहत होतो, आणि त्याला ते कळलं. त्याने हात थांबवला. पिशवीतून ब्लेडचं नवं पाकीट काढून माझ्यासमोर धरलं, कागद सोडला, ब्लेड मोडलं, वस्तऱ्यात सरकवलं.

“बघा साहेब, बिनधास्त बघा,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “बघायलाच पाहिजे. फक्त एक विचारतो. तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे जाता. तिथे तो ब्लेड बदलतो का, कधी पाहिलंत?”

मी पाहिलं नव्हतं. पाच महिने जात होतो, एकदाही नाही. तिथे खुर्चीत बसल्याबरोबर मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो.

“ज्याचा आजार माहीत आहे त्याला तुम्ही घाबरता,” मौनी म्हणाला. “ज्याचा माहीत नाही, त्याच्यापुढे डोळे मिटून मान देता.” मग तो वडिलांकडे वळला, गालाची सैल कातडी अंगठ्याने ताणून धरली आणि दाढी पुरी केली. कुठे एक ओरखडा नाही. वडिलांनी चांगल्या हाताने हनुवटी चाचपली आणि चांगल्या बाजूने हसले. मी चहा करायला सांगितला. मौनी बसला आणि आमच्याच कपातून चहा प्यायला. त्या दिवशी मला त्याची माफी मागायची होती. मागितली नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन केस कापून घेतले, एवढंच केलं.

तोवर त्याच्या बायकोने घराची बाहेरची खोली रिकामी करून दिली होती. एक खुर्ची, एक आरसा. तिने शिवणाच्या खडूने आरशाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘ब्लेड तुमच्यासमोर उघडलं जाईल. नसेल तर विचारा.’ पहिल्या महिन्यात वॉर्डातून बरे होऊन घरी गेलेले चौघे, आमच्या पोस्टातले तिघे आणि माझे वडील, म्हणजे त्यांच्यासाठी मौनी घरी यायचा, एवढीच गिऱ्हाइकं. हळूहळू वाढली. काही लोक कधीच आले नाहीत.

न्हाव्याला स्वतःचे केस स्वतःला कापता येत नाहीत. मौनीची परगावची दोन वर्षं सोडली तर वीस वर्षं दोघे भाऊ एकमेकांचे कापत आले होते. दुकान वेगळं झाल्यावर थोरला कुणाकडून तरी कापून घ्यायचा आणि त्याच्या मानेवरची रेघ कायम वाकडी असायची. पोस्टाच्या खिडकीतून मला ती रोज दिसायची. वर्ष-सव्वा वर्षाने एका दुपारी मी मौनीच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा थोरला आत आला. नमस्कार नाही, काही नाही, थेट खुर्चीत बसला आणि आरशाकडे न बघता म्हणाला, “मागचं नीट कर. सगळे हसतात.”

मौनीने कापड झटकलं, त्याच्या गळ्यात बांधलं. नवं ब्लेड काढून त्याच्यासमोर उघडायला लागला, तसा थोरल्याने त्याचा हात धरला. “मला दाखवू नकोस,” म्हणाला. मौनीने हात सोडवून घेतला. “सगळ्यांना दाखवतो, दादा. तुलाही बघावं लागेल.” आणि थोरल्याने ते पाहिलं. केस कापून झाल्यावर दोघांनी खुर्चीची अदलाबदल केली. मौनीचे केस थोरल्याने कापले. तेवढ्या वेळात तो हवेबद्दल, रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल, माझ्या बढतीबद्दल अखंड बोलत होता. माफीचा शब्द त्याच्याही तोंडून निघाला नाही. दुकान परत एक झालं नाही, पण गर्दी झाली की थोरला आपली माणसं इकडे पाठवायला लागला.

मुलीला सांगण्यासाठी नवराबायकोंनी तिची चौदा वर्षं पुरी होईपर्यंत वाट पाहिली. दोघांनी तिला समोर बसवलं, तेव्हा ती म्हणाली, मला अकराव्या वर्षापासून माहीत आहे. गोळ्यांच्या डबीवरचं नाव तिने शाळेच्या पुस्तकातल्या एड्सवरच्या धड्यात वाचलं होतं. तीन वर्षं ती एकटीच ते मनात घेऊन फिरत होती, आणि बाबा मरणार आहेत असं धरून चालली होती, कारण धड्यात गोळ्यांनी काय होतं ते नीट लिहिलेलं नव्हतं. ती भयंकर चिडली. आठवडाभर बापाशी बोलली नाही. मौनी म्हणतो, आजाराने जेवढं केलं नाही तेवढं त्या आठवड्याने मला म्हातारं केलं. आठव्या दिवशी तो तिला सात नंबरच्या खोलीत घेऊन गेला आणि म्हणाला, तुला काय विचारायचं ते बाईंना विचार, मी बाहेर बसतो. ती तासभर आत होती.

या सगळ्याला आता एकोणीस वर्षं झाली. तीन गोळ्यांची एक गोळी झाली. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, इतका कमी की विषाणू तपासणीत सापडत नाही. तो असाच राहिला तर तुमच्याकडून बायकोला जाणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिली होती, असं ती लाजत सांगते. तरी ती वर्षातून एकदा तपासणी करून घेते. यंदाही निगेटिव्ह आली. मुलगी आता नोकरी करते आणि दर रविवारी फोनवर बापाला गोळी घेतली का ते विचारते. मौनी त्रेपन्न वर्षांचा आहे. त्याला रक्तदाबाची गोळीही लागते, आणि उभं राहून गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणाले, हे आजाराने नव्हे, धंद्याने. मग बायकोने त्याच्यासाठी एक उंच स्टूल करून आणलं. त्यावर बसून केस कापायला तो अजून तयार नाही.